मागच्या खोलीतल्या जाळीविषयी भाऊजींस

प्रिय भाऊजी,

वयाने मी तुमच्याहून लहान आणि नात्याने मोठी, त्यामुळे पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहावा की आशीर्वाद, हे मला लग्न झाल्यापासून कळलेलं नाही. दोन्ही पाठवते. हवा तो ठेवून घ्या आणि उरलेला जाऊबाईंना द्या. त्यांचा खोकला आता कसा आहे? आणि तुमचे गुडघे? लोकांच्या पोटमाळ्यांवर रांगायचं तुमचं वय राहिलं नाही, हे मी मागेही म्हटलं होतं आणि तुम्ही मागेही ऐकलं नव्हतं. आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. समोरचा ‘सगळं ठीक आहे’ म्हणाला तरी टॉर्च लावून बघायची तुम्हाला सवयच आहे, तेव्हा पुढे वाचा आणि काय ते ठरवा.)

हे पत्र मी दवाखान्यातल्या माझ्या काउंटरवर बसून लिहिते आहे. आत आमचे दातांचे डॉक्टर कुणाची तरी दाढ काढताहेत आणि ती दाढ लवकर ऐकेल असं दिसत नाही, त्यामुळे मला निवांत वेळ आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्या पुढे जात नाही. घरून करावा तर तुमचे बंधू शेजारी येऊन पेपर वाचायला बसतात आणि माझं बोलणं संपेपर्यंत पान उलटत नाहीत. शिवाय मला तुमचे आभार मानायचे आहेत, आणि आभार मानायला लागलं की मला रडू येतं. इथे काउंटरवर कुणी रडलं तरी दात दुखत असेल असं समजून लोक लक्ष देत नाहीत, ही एक सोय आहे.

तुमचा अहवाल आल्यापासून तुम्ही दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी एक शब्दही बोललेले नाहीत. तुम्ही घरांची तपासणी करता, तुम्हाला अशा गोष्टींची सवय असेल, मला नाही. आई स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारतात, धाकट्याचा फोन आला होता का गं? त्या गेल्या की हे येऊन विचारतात, आईला कुणाचा फोन आला होता का? मी दोघांनाही नाही म्हणते आणि भाजी करपवते. त्यांना फोन तुमचाच हवा असतो, पण एकीला विचारायची भीती आणि दुसऱ्याला विचारायची लाज. हे सगळं कशावरून, तर एका हीटिंगच्या यंत्रावरून.

तुम्ही तिथे होतात, तरी तो दिवस मी पुन्हा सांगते, कारण तुम्ही यंत्राकडे बघत होतात आणि मी माणसांकडे. ते घर आम्हा दोघांना बघताक्षणी आवडलं होतं. सध्याच्या आमच्या घराचे जिने आईंना चढवत नाहीत. त्या खाली उतरल्या की वर यायच्या विचारानेच दमतात, म्हणून उतरतच नाहीत. त्या घराला तळमजल्यावर मागच्या बाजूला एक छानशी खोली, शेजारीच बाथरूम, खिडकीतून बागेतलं झाड. पूर्वी ते गाडी ठेवायचं गॅरेज होतं म्हणे, नंतर खोली केली. तुमच्या बंधूंनी मनातल्या मनात आईंचा पलंगही मांडून टाकला. मग तपासणीसाठी कोण, हा प्रश्नच नव्हता. घरचाच माणूस असताना बाहेरचा कशाला, असं ते स्वतः म्हणाले. (हे वाक्य मी लक्षात ठेवलं आहे. त्यानंतर त्यांनी जी जी वाक्यं म्हटली, त्यांच्या तुलनेत हे फारच गोड होतं.)

आणि तुम्ही आलात. आलात ते चहासुद्धा न घेता, हातात टॉर्च, आरसा, तापमान मोजायचं ते पिस्तुलासारखं यंत्र, आणि एका काठीला चिकटवलेली टिश्यू पेपरची पट्टी. ती काठी बघून घरमालकीणबाई दचकल्या. तुम्ही थर्मोस्टॅट आधी कितीवर होता ते बघून ठेवलंत, मग वाढवलात आणि नुसते उभे राहिलात. यंत्र धडधडलं, तरी तुम्ही उभेच. मग जाऊन ज्योत बघितलीत, यंत्रावरची पाटी वाचलीत, फिल्टर ओढून बाहेर काढलात (तो बघून मला आमच्या दवाखान्यातल्या पायपुसण्याची आठवण झाली) आणि मग खोली खोली फिरून, गरम हवा जिथून बाहेर येते त्या प्रत्येक जाळीसमोर ती पट्टी धरत सुटलात. पट्टी फडफडली की पुढे. थंड हवेचं यंत्र मात्र तुम्ही सुरूच केलं नाहीत. बाहेर एवढी थंडी असताना ते चालवलं तर बिघडू शकतं, म्हणून चालवणार नाही आणि तसं लिहीन, असं म्हणालात. तुमचे बंधू तेव्हाच कुरकुरले की एवढं मोठं खोकं बघायचंच नाही तर तपासणी कसली. सीलबंद झाकण तुम्ही उघडलं नाहीत, विझलेलं काही पेटवलं नाहीत, साध्या बटणांपलीकडे कशाला हात लावला नाहीत. मला ते पटलं. आमचे डॉक्टरही आरसा घालून बघतात, जे दिसत नाही त्याचा एक्स-रे काढायला पाठवतात. पेशंटच्या समाधानासाठी चांगली दाढ उपटून बघत नाहीत.

पण तुमच्या बंधूंना तुमची मदत करायची होती ना! यंत्राच्या त्या अरुंद कपाटात ते तुमच्याबरोबर शिरले आणि भिंतीकडे पाठ करून, नवा कोट घालून, उभे राहिले. उभे राहून घराची स्तुती करू लागले. तुम्ही म्हणालात, दादा, जरा सरक, धुराची नळी भिंतीत कुठे शिरते ते बघायचंय. ते म्हणाले, इथे काही नाही, भिंत आहे. तुम्ही परत म्हणालात. ते म्हणाले, अरे, बघ तरी यंत्र किती छान चालतंय, इथे पाठीला काय मस्त ऊब लागतेय! त्यांना वाटलं, सरकलो तर तुम्ही काहीतरी शोधून काढाल. घर हातचं जाईल या भीतीने माणूस किती घट्ट उभा राहू शकतो, हे मी तेव्हा पाहिलं. शेवटी तुम्ही ‘बरं’ म्हणालात. मला वाटलं, मिटलं.

कसलं मिटतंय! संध्याकाळी तुमचा अहवाल आला आणि जेवता जेवता यांनी तो मोठ्याने वाचायला घेतला. काय पाहिलं, कसं पाहिलं, काय दिसलं नाही, का दिसलं नाही, त्याने काय होऊ शकतं, कुणाला बोलवावं, असं एकेक ओळीत. वाचता वाचता त्यांचा आवाज बदलला. ‘धुराच्या नळीचा भिंतीत शिरणारा भाग तपासता आला नाही. कारण : घर घेणारे गृहस्थ तेथे उभे होते व विनंती करूनही हलले नाहीत. नळी सुटलेली असल्यास विषारी धूर घरात येऊ शकतो, तरी खरेदीपूर्वी हा भाग हीटिंगच्या मेकॅनिककडून बघून घ्यावा.’ मला इतकं हसू आलं की पाणी नाकात गेलं. त्यांना नाही आलं. सख्खा भाऊ, आणि मला गृहस्थ म्हणतो? (एवढ्या सगळ्यात त्यांना लागलं ते ‘गृहस्थ’, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.) आणि त्याखाली दुसरी ओळ : ‘मागची खोली : जाळी आहे. जाळीतून हवा येत नाही. या खोलीत उष्णतेची सोय आढळली नाही. झोपण्यासाठी वापरायची असल्यास आधी सोय करून घ्यावी.’ ताट अर्धवट टाकून ते उठले. आई आमटी पीत राहिल्या.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्हाला सांगायला बंदी होती. हे आता एक दुसरे तपासनीस घेऊन आले. दलालाच्या ओळखीचे, अतिशय हसतमुख. त्यांचं खरं नाव मी विसरले, घरात आम्ही त्यांना उत्तमराव म्हणतो, कारण त्यांचा अख्खा अहवाल एका पानाचा होता आणि त्यात तो एकच शब्द होता. हीटिंग : उत्तम. कूलिंग : उत्तम. त्यांनी यंत्राच्या अंगावरून गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला, खुशीत मान हलवली आणि बाहेर आले. थंड हवेचं यंत्र त्यांनी सुरूही केलं नव्हतं, तरी ते उत्तम. मागच्या खोलीबद्दल मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, जाळी आहे की! तुमचे बंधू त्या दिवशी शीळ घालत घरी आले. मला त्यांच्या शिळेची काळजी वाटली, कारण ती त्यांना येत नाही. मनात काहीतरी खुपत असलं की घालतात.

(इथे मध्ये एक पेशंट आले. त्यांना घाबरत घाबरत विचारायचं होतं की कुठलीच दाढ दुखत नसेल तर डॉक्टरांना दाखवायला यायची गरज आहे का. मी तुमचं उदाहरण दिलं. त्यांना कळलं नाही, पण ते बसलेत.)

मग यांनी ठरवलं की आईंना एकदा घर दाखवून आणू, त्यांनी हो म्हटलं की सही करायची. घरमालकांनी आमच्यासाठी हीटिंग चढवून ठेवलं होतं. पुढच्या खोलीत मला स्वेटर काढावा लागला. आईंना आम्ही थेट त्यांच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं, झाड दाखवलं. हे एकसारखे विचारत होते, आई, आवडली ना? आई म्हणत होत्या, छान आहे रे. बसून बसून त्यांनी शालीचं एक टोक घेतलं, मग दुसरं, मग हात शालीत घेतले. मी विचारलं, थंडी वाजतेय का? म्हणाल्या, नाही गं, मला कुठे थंडी वाजते! हे त्यांचं नेहमीचं वाक्य आहे. भाऊजी, तुम्ही त्यांच्याच पोटचे, तुम्हाला माहीत असेल. त्यांना कधी थंडी वाजत नाही, कधी भूक लागत नाही, आणि दुसऱ्यांना हवी असलेली कुठलीच गोष्ट त्यांना आवडत नाही असं कधी होत नाही.

मला काय वाटलं कोण जाणे. पर्समध्ये दवाखान्यातला टिश्यू पेपर होता, तो मी फाडून पट्टी केली आणि दुसऱ्या खुर्चीवर चढून त्या जाळीसमोर धरली. पट्टी ढिम्म. मी जवळ नेली, तरी ढिम्म. आणि अचानक ती हलली. हे आनंदाने ओरडले, बघ! बघ! हवा येतेय! मी थक्क. पुन्हा धरली, पुन्हा ढिम्म, पुन्हा हलली. तेवढ्यात खालून आईंचा शांत आवाज आला : “मोठ्या, फुंकू नकोस.”

भाऊजी, तुमचा थोरला भाऊ, केस पांढरे झालेला, ऑफिसात हाताखाली माणसं असलेला, माझ्या मागे टाचा उंचावून उभा राहून गाल फुगवून त्या कागदावर फुंकर घालत होता. मी वळून पाहिलं तेव्हा गाल अजून फुगलेलेच होते. मला हसावं की ओरडावं कळेना. आई उठल्या, पर्समधून एक नाणं काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, काढ ती जाळी. यांनी त्या नाण्याने स्क्रू काढले. जाळी हातात आली, मागे भिंत. रंग दिलेली, गुळगुळीत, सरळ भिंत. घरमालक दारात उभे होते, ते म्हणाले, ती शोभेसाठी लावली होती, बाकी खोल्यांना आहे म्हणून. उत्तमरावांच्या म्हणण्याप्रमाणे जाळी होतीच, हे मात्र मान्य करायला हवं.

यांनी आईंना विचारलं, तुला कळलं होतं का? आई म्हणाल्या, “आल्या आल्याच कळलं होतं रे. पाय गार पडले. पण तुला घर एवढं आवडलं होतं.” बास, एवढंच म्हणाल्या. आणि मला तिथे खुर्चीवर उभ्या उभ्या रडू कोसळलं. जन्मभर त्या कुठल्या तरी गार खोलीत निजल्या असत्या आणि आम्हाला कधी कळलं नसतं. जे वाक्य त्यांनी मरेपर्यंत उच्चारलं नसतं, ते तुम्ही त्यांच्या वतीने साध्या शब्दांत लिहून ठेवलं होतंत : या खोलीत उष्णतेची सोय आढळली नाही. आम्ही त्या ओळीवर रुसून बसलो होतो. त्याबद्दल मला तुमचे आभार मानायचे आहेत, आणि हे एवढं लिहायलाच मी इतकी पानं घेतली.

पण गोष्ट इथे संपत नाही. घरी येऊन यांनी तुमचा अहवाल कपाटातून काढला, पुन्हा वाचला आणि मला म्हणाले, त्या मेकॅनिकला बोलवू का? मी म्हटलं, मला विचारता कशाला, अहवालातल्या त्या न हलणाऱ्या गृहस्थांनाच विचारा. मेकॅनिक आला आणि त्या कपाटात शिरून अगदी जिथे तुमचे बंधू उभे होते तिथे वाकला. धुराची नळी भिंतीत शिरते तिथला सांधा पार सुटलेला, मध्ये बोट जाईल एवढी फट, भोवती सगळं काळं. त्याने जागच्या जागी यंत्र बंद केलं, वर चिठ्ठी लावली, खिडक्या उघडायला लावल्या. तेव्हा मला आठवलं की त्या दिवसानंतर यांचा नवा कोट धुवायला दिला होता आणि लाँड्रीवाल्याने विचारलं होतं, साहेब, पाठ कशावर घासली? म्हणजे ती मस्त ऊब, भाऊजी, ती धुराची होती! तिला पाठ लावून हे यंत्राची तारीफ करत होते.

सगळ्यात मोठा धक्का बसला तो घरमालकीणबाईंना. त्यांचं कित्येक दिवस सकाळी उठल्यावर डोकं दुखायचं, आणि त्यांनी त्याचं खापर नवऱ्याच्या घोरण्यावर फोडलं होतं. बिचारे गृहस्थ (बघा, मीही हा शब्द वापरायला लागले) बाहेरच्या कोचावर झोपत होते. मेकॅनिकने समजावून सांगितलं तशा त्या पांढऱ्याफटक पडल्या, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि त्यांनी त्यांना सर्वांदेखत ‘माफ करा हं’ म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत इतकं पाणी होतं की आम्ही सगळे उगीचच झाडाकडे बघू लागलो. त्यांनी तुम्हाला आवर्जून नमस्कार सांगितला आहे आणि तुमच्या त्या काठीवरून मनात भलतंसलतं आणलं त्याबद्दल वाईट वाटतं असंही कळवलं आहे. आता नळी नवी बसली आहे, मागच्या खोलीपर्यंत गरम हवेची खरी नळी टाकली आहे, तीही त्यांनीच, एका शब्दाने कुरकुर न करता. घर आम्ही घेतो आहोत.

तुमचे बंधू तुम्ही बरोबर होतात असं म्हणालेले नाहीत. म्हणतील असं वाटत नाही. पण परवा त्यांच्या ऑफिसातले कुणी घर घ्यायला निघाले, तर मी ऐकलं, हे फोनवर त्यांना समजावत होते की तपासणारा माणूस ‘उत्तम’ लिहीत असेल तर त्याला दारातून परत पाठव; काय बघितलं नाही आणि का नाही, ते जो लिहितो त्याला घे. मग म्हणाले, माझा भाऊ आहे, लहानपणापासूनच असा आहे तो, कुणाला भीक घालत नाही. आवाजात इतका अभिमान होता की आई आतल्या खोलीतून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. तुम्हाला ऐकू आला असता तर तुम्हीही ‘हं’च्या पुढे काहीतरी बोलला असतात.

आत दाढ निघाली बहुतेक, पेशंटचा आवाज थांबलाय. आता लेखणी ठेवते. तुमच्यासारखा दीर मिळाला हे मी कधी तोंडावर बोलणार नाही, म्हणून इथे लिहून मोकळी होते. जाऊबाईंना खोकल्यावर वाफ घ्यायला सांगा आणि गुडघे जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. : हे वर लिहिलेलं सगळं मनापासून आहे, पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या खोलीत हवा येते का ते पुन्हा तपासून लेखी द्यायला हवं, असं तुमच्या बंधूंचं म्हणणं आहे. त्यांना दुसऱ्या कुणाचं लेखी चालणार नाही. त्यांनी मला आडून आडून हे इतक्यांदा सांगितलं आहे की आता मला झोपेतही ऐकू येतं. तेव्हा रविवारी या. तुम्ही आलात की ते तुम्हाला फक्त ‘चहा घेणार का?’ एवढंच विचारतील. त्याचा अर्थ माफी असा घ्यावा आणि या वेळी नाही म्हणू नये.

ता. क. चा ता. क. : पत्र बंद करण्याआधी आईंना वाचून दाखवलं. सगळं शांतपणे ऐकलं, फुंकर घातली तिथे खूप हसल्या, आणि मग म्हणाल्या, लिहीतच आहेस तर एक ओळ माझीही घाल. ती अशी : त्या तुमच्याकडे राहायला येतात तेव्हा तुमच्या बाहेरच्या खोलीत निजतात, आणि तिथे त्यांना रात्रभर थंडी वाजते. पहिल्यापासून वाजते. अंगात दोन स्वेटर घालून झोपतात आणि सकाळी तुम्ही उठायच्या आत एक काढून ठेवतात. आजवर बोलल्या नाहीत, आता बोलायचं ठरवलं आहे. त्या पुढच्या महिन्यात तुमच्याकडे यायला तयार आहेत, पण आधी ती खोली नीट तपासून, जे आढळेल ते जसंच्या तसं लेखी कळवा. भावाचं घर म्हणून तुम्ही सूट दिली नाहीत, तेव्हा स्वतःचं म्हणूनही देऊ नका, असं खुद्द तुमच्या आईचं म्हणणं आहे.